पाच कोटी वर्षांची कुमुदिनी

“गोचिडीला माझं नाव?” काकूंनी उलथनं तव्यावर आपटलं. “अहो, पस्तीस वर्षं तुमचा संसार केला. माझ्या नावाला एखादं फूल नाही सापडलं? गेला बाजार एखादं फुलपाखरू?”

“गोचीड नाही गं, माइट,” सर म्हणाले. “गोचिडीची धाकटी चुलत बहीण. इतकी बारीक, की डोळ्यांना दिसतसुद्धा नाही.”

“म्हणजे न दिसणारी गोचीड. छान! भिशीच्या बायकांना काय दाखवू मी?”

सरांनी मदतीसाठी माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात ताटली घेऊन घावनाची वाट बघत उभी होते. म्हटलं, “काकू, पाच कोटी वर्षांपूर्वीची आहे ती. तिच्या जातीला तुमचं नाव दिलं, की जगातल्या सगळ्या पुस्तकांत ‘कुमुदिनी’ असंच छापून येणार.”

“पाच कोटी?” काकू थांबल्या. “आणि बदलली किती तेवढ्यात?”

“तीच तर गंमत आहे!” सर एकदम खुलले. “एक केस बदललेला नाही. आजच्या माइटच्या पाठीवर जितके केस, तितकेच हिच्या पाठीवर, त्याच जागी, त्याच लांबीचे. हत्ती बदलले, घोडे बदलले, माकडाचा माणूस झाला. हिने मात्र ठरवलं, आपलं जे आहे ते उत्तम आहे.”

काकूंनी घावन उलटलं. म्हणाल्या, “मग असू दे माझं नाव.” त्या संध्याकाळी त्यांनी भिशीच्या अकरा बायकांना फोन केले.

हे घडलं त्याला आता पंधरा वर्षं झाली. डॉ. भालचंद्र उपळेकर आमच्या सांगलीच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे विभागप्रमुख होते आणि मी, पद्मजा मगदूम, त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. सरांनी उभा जन्म माइट या एकाच प्राण्यावर काढला होता. द्राक्षाच्या पानांवर जाळी धरणारा लाल कोळी म्हणजे माइटच. त्यामुळे तासगाव-पलूसचे बागायतदार पिशवीत पानं घेऊन थेट सरांच्या घरी यायचे. पण सरांना खरी ओढ होती ती जुन्या माइटची. त्यांचा एक भाचा गुजरातेत लिग्नाइटच्या खाणीवर इंजिनिअर होता. कोळशात सापडणारं अंबर तो बिस्किटाच्या डब्यात भरून आणून द्यायचा. अंबर म्हणजे झाडाची राळ. कधीकाळी झाडावरून ओघळताना तिने वाटेत सापडलेलं चिलट, मुंगी, काय असेल ते गिळलं, आणि तशीच ती जमिनीत गाडली जाऊन दगड झाली.

त्या डब्यांतलं अंबर घासून घासून माझ्या बोटांवरच्या रेघा पुसल्या गेल्या होत्या. सहा वर्षांत आम्हाला चिलटं मिळाली, अर्धा भुंगा मिळाला, मुंगीचा एक पाय मिळाला. माइट मात्र मिळाली नव्हती. ती मिळाली श्रावणात, सरांच्या निवृत्तीला दोन महिने उरले असताना. नखाएवढा तुकडा, मधोमध तडा गेलेला. असा तुकडा घासताना फुटतो, म्हणून आधी तड्यात पातळ गोंद सोडायचा, तो वाळू द्यायचा, मग घासायचं. मी तसंच केलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, आणि आत एक भुंगा होता, त्याच्या शेजारी ही बया आठ पाय पसरून बसलेली. सरांनी डोळा लावला. मग त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मगदूम, भुंग्याच्या पाठीवर बसून फुकट प्रवास करत होती बघ.”

निवृत्तीच्या दिवशी, शनिवारी, कॉलेजच्या सभागृहात ते हा शोध जाहीर करणार होते. नागपूरहून डॉ. विमल देशकर येणार होत्या. माइटच्या विषयात देशात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आजवर नापास केलेल्या प्रबंधांची यादी विद्यार्थी एकमेकांना भुताच्या गोष्टींसारखी सांगायचे. माझा प्रबंध तपासायला त्यांच्याकडेच गेला होता, आणि त्याचं चौथं प्रकरण म्हणजे ही कुमुदिनी होती.

शुक्रवारी दुपारी मी भाषणात दाखवायचं शेवटचं चित्र काढायला बसले. सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू वरखाली करत एकेक पाय कागदावर उतरवत होते. मागच्या डाव्या पायाशी आले तेव्हा एक पुसटशी रेघ दिसली. पायाच्या पलीकडून जाणारी. मी स्क्रू आणखी फिरवला. रेघ कुमुदिनीच्या खालून गेली, वळली आणि तड्याच्या कडेला जाऊन मिळाली. म्हणजे ही अंबरात होती, की मी सोडलेल्या गोंदात?

अंबर आणि वाळलेला गोंद साध्या उजेडात सारखेच पिवळे दिसतात. जांभळ्या दिव्याखाली मात्र अंबर निळसर चमकतं आणि आमचा गोंद मातकट दिसतो. आमच्याकडे तसला दिवा नव्हता. कॉलेजच्या ऑफिसात फी घेताना खोट्या नोटा ओळखायला एक होता. तो आणायला मी प्रयोगशाळेतल्या दस्तगीर सनदीमामांना पाठवलं.

“काय ताई, नोटा छापायचा बेत हाय का काय?” दिवा टेबलावर ठेवत मामा म्हणाले.

मी पडदे ओढले आणि दिवा लावला. भुंगा निळ्या उजेडात तरंगत होता. कुमुदिनी त्याच्या शेजारी, पण मातकट पट्ट्यात. आठच्या आठ पाय गोंदात. म्हणजे ती पाच कोटी वर्षांपूर्वी राळेत अडकलीच नव्हती. मी गोंद सोडला त्या दिवशी ती तड्यात येऊन बसली होती.

आली कुठून, हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही. प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: ‘येथे खाणे-पिणे सक्त मनाई’. त्या पाटीच्या बरोबर खाली माझं टेबल, आणि टेबलाच्या खणात माझा स्टीलचा डबा. नागपंचमीला आई तंबिटाचे लाडू करते, भाजलेल्या पिठाचे, गूळ घालून. तिने शिरोळहून डबाभर दिले होते. सर वर्गावर गेले की मी खण उघडायची. एका हातात लाडू, दुसऱ्या हातात अंबर. लाडू केव्हाच संपले होते, पण तळाशी पीठ उरलं होतं आणि डबा धुवायचा मला कंटाळा आला होता.

मी चिमूटभर पीठ काचेवर घेऊन पाहिलं. एक नाही, दोन नाही, पंचवीस-तीस कुमुदिनी त्यात आरामात फिरत होत्या.

मी ते लाडू खाल्ले होते, हे मी तूर्त बाजूला ठेवलं. त्याहून मोठी भीती पुढे उभी होती. पाच कोटी वर्षांत तिचा एक केसही का बदलला नव्हता, ते आता उघड झालं होतं. तिला बदलायला जेमतेम दोन महिने मिळाले होते! सर तिच्यावर भाषण करणार होते. काकूंनी नवी पैठणी काढली होती. आणि मी टेबलावर लाडू खाते हे कळलं, की देशकर बाई माझा प्रबंध चिमट्याने उचलून परत पाठवणार होत्या. गप्प राहिले तर कदाचित कुणालाच कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. घरी जाईपर्यंत तो चांगलाच मुरला होता.

शनिवारी सकाळी नऊ वाजता सर नवा कोट घालून प्रयोगशाळेत आले. मी गप्प राहायचं पक्कं करून आले होते. पण त्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला आणि पहिलं वाक्य मला वाचून दाखवलं: “माझी विद्यार्थिनी पद्मजा मगदूम हिच्या चिकाटीशिवाय...”

“सर, थांबा,” मी म्हटलं. “कुमुदिनी अंबरात नाही.”

“मग गेली कुठे?”

“कुठे गेली नाही. गोंदात आहे.”

मी दिवा लावला. सर वाकून बघत राहिले. मी पिठाची काच पुढे सरकवली. तीही त्यांनी पाहिली, मग पुन्हा ती, पुन्हा ही. ओठ हलत होते. केस मोजत होते ते.

“अगदी तीच,” शेवटी ते म्हणाले. “मगदूम, आपली मोजणी मात्र बिनचूक होती हं.”

मला रडू फुटलं. ते हसले असते, ओरडले असते, तरी चाललं असतं. ते डब्याकडे बघत होते.

“हा कुणाचा?”

“माझा.”

“कशाचा होता?”

“तंबिटाचे लाडू. आईने दिले होते.”

“खाल्लेस कुठे?”

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. सरांनी स्वतःच लिहिलेली पाटी पहिल्यांदाच बघत असल्यासारखी वाचली.

“देशकर बाईंकडे तुझा प्रबंध आहे, नाही का?”

“हो.”

त्यांनी भाषणाचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि डबा उचलला. “हा मी नेतो. आणि हे बघ, सभागृहात तू तोंड उघडायचं नाहीस. काय व्हायचं ते होऊ दे, जागेवरून हलायचं नाही. ही गुरूची आज्ञा समज.”

ते गेले. मला वाटलं, सर झाकणार. पस्तीस वर्षं खरं-खोटं शिकवणारा माणूस शेवटच्या दिवशी खोटी माइट विकणार. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लाज वाटली.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत काकू पैठणी नेसून, त्यांच्यामागे भिशीच्या अकरा जणी. देशकर बाई व्यासपीठावर, गळ्यात दोरीला भिंग. प्राचार्यांचं भाषण झालं, शाल झाली, नारळ झाला. मग सर उठले. त्यांनी बगलेतून माझा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

“आज मी पाच कोटी वर्षांपूर्वीची माइट दाखवणार होतो,” ते म्हणाले. “ती पाच कोटी वर्षांपूर्वीची नाही. ती या डब्यातली आहे.”

सभागृहात कुजबुज झाली. सरांनी गोंद सांगितला, रेघ सांगितली, नोटांचा दिवा सांगितला. एखादा धडा शिकवावा तसं सगळं क्रमाने सांगितलं. मी मान खाली घालून बसले होते. आता माझं नाव येणार.

“आणि ती अंबरापर्यंत पोचली कशी,” सर म्हणाले, “तर मी प्रयोगशाळेत टेबलावर बसून लाडू खात होतो.”

मी मान वर केली.

देशकर बाई पुढे झुकल्या. “तुम्ही स्वतः?”

“मी स्वतः.”

“खाण्यावर बंदी असते ना प्रयोगशाळेत?”

“पाटीसुद्धा मीच लिहिली आहे.”

“किती लाडू?”

सर गडबडले. याची तयारी त्यांनी केलेली नव्हती. “दोन,” ते म्हणाले. “कधी तीन.”

“हात धुतले होते?”

“नाही.”

“लाडू कशाचे?”

“तंबिटाचे.”

“आणि उपळेकर, घर दहा मिनिटांवर असताना लाडू कॉलेजात कशाला खायचे?”

सरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी डबा उजवीकडून डावीकडे सरकवला, डावीकडून उजवीकडे. देशकर बाईंनी भिंग हातात घेतलं होतं, जणू काही त्या आता सरांनाच तपासणार होत्या. मी खुर्चीच्या दांड्या धरल्या. उठायचं होतं मला. आज्ञा होती म्हणून बसले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते.

उठल्या त्या काकू.

“मी सांगते कशाला ते!” पैठणीचा पदर खोचून त्या उभ्या राहिल्या. “घरी मी देत नाही म्हणून! डॉक्टरांनी साखर सांगितलीय यांना. गोडाचा कणसुद्धा वर्ज्य. मी घरातले डबे कुलपात ठेवते, तर हे कॉलेजात जाऊन चोरून लाडू हाणतात! लाज नाही वाटत? साठाव्या वर्षी?”

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. प्राचार्य हसले, बागायतदार हसले, भिशीच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. सर डबा छातीशी धरून खाली मान घालून उभे होते, आणि काकू थांबायला तयार नव्हत्या. “माझं नाव देणार होते म्हणे गोचिडीला! घरात या तुम्ही, मग बघते!”

देशकर बाईंनी भिंग सोडून दिलं. त्यांनाही हसू आवरेना. शेवटी उठून त्या म्हणाल्या, “तीस वर्षांत मी पुष्कळ खोटे शोध पकडले. स्वतःचा शोध स्वतः उभा राहून मोडणारा माणूस मात्र आजच पाहिला.” आणि त्यांनी सरांना वाकून नमस्कार केला.

चहापानाच्या गर्दीत मी काकूंना खांबामागे गाठलं. पाया पडायला वाकले तर त्यांनी दंडाला धरून उठवलं.

“तंबीट म्हणजे काय गं?” त्यांनी हळूच विचारलं.

“भाजलेल्या पिठाचा लाडू,” मी म्हटलं.

“मी रत्नागिरीची. आमच्या घरात तो लाडू कधी झाला नाही, मला तो करताही येत नाही. तुझ्या आईकडे होतो, हो ना?”

“काकू, मी आत्ता जाऊन सांगते देशकर बाईंना...”

“खबरदार! एवढं नाटक केलंय मी. माझ्या अकरा मैत्रिणींसमोर.”

“पण सरांना साखर आहे ना? त्यांनी खरंच...”

“कुठली साखर? ठणठणीत आहेत. उलट गोडधोड त्यांना आवडतच नाही, बासुंदीसुद्धा माझ्या वाटीत ओततात.” काकूंनी डोळे टिपले, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते मला कळलं नाही. “तंबीट म्हणाले तेव्हाच मी ओळखलं. त्यांना खोटं बोलता येत नाही गं. सवयच नाही. आणखी एक प्रश्न आला असता तर सगळं ओकून मोकळे झाले असते. त्यांना साखर नाही हे तुला कळलंय, ते त्यांना कळू देऊ नकोस. तुझ्या मनावर ओझं नाही, असं त्यांना वाटू दे. शपथ आहे माझी.”

तेवढ्यात सनदीमामा ट्रे घेऊन सरांपाशी गेले. “सर, तुमचा खास येगळा आणलाय. बिनसाखरेचा!”

सरांनी कपाकडे पाहिलं. मग समोर उभ्या देशकर बाईंकडे. “वा,” म्हणाले आणि प्यायले. काकूंनी माझा हात घट्ट धरला. “अरे देवा,” त्या पुटपुटल्या. “गोडात त्यांना एवढा एक चहाच लागतो. तीन चमचे.”

चौथं प्रकरण काढून मी प्रबंध पुन्हा दिला. तोंडी परीक्षेत देशकर बाईंनी शेवटचा प्रश्न विचारला, “टेबलावर काही खात नाही ना?” मी “नाही” म्हटलं, आणि ते खरं होतं. मी डॉक्टर झाले, सरांच्याच विभागात लागले.

सांगली काही फार मोठी नाही. सरांची साखर आठवड्याभरात गावभर झाली. त्यानंतर सर जिथे जातील तिथे, लग्नाला, मुंजीला, बागायतदारांच्या मेळाव्याला, ‘सरांचा वेगळा’ अशी हाक जायची आणि फिका चहा यायचा. माझ्या घरी ते महिन्यातून एकदा यायचे. काकूंची शपथ होती, म्हणून मीही तोंड दाबून फिकाच द्यायची. मनासारखा चहा त्यांना मिळायचा तो फक्त स्वतःच्या घरी, काकूंच्या हातचा.

सात वर्षांनी काकू गेल्या. दिवसपाणी आटोपल्यावर एका संध्याकाळी सर माझ्याकडे आले. खुर्चीत बसले, द्राक्षावरच्या कोळ्याबद्दल काहीबाही बोलले. मी आत गेले. साखरेचा डबा उघडला. शपथ घालणारीच आता नव्हती. आता या माणसाला गावात कुणीही कधीच गोड चहा देणार नाही, हे माझ्या एकदम ध्यानात आलं. मी मोजून तीन चमचे घातले.

सरांनी पहिला घोट घेतला आणि ते थांबले. कप तसाच ओठांपाशी. मग त्यांनी वर पाहिलं.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“त्याच दिवसापासून सर. काकूंनी सांगितलं, चहापानाच्या वेळी.”

त्यांनी अख्खा कप संपवला, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. बशी बाजूला ठेवली. डोळे पाणावले होते, पण आवाज अगदी प्रयोगशाळेतला, चुकलेल्या विद्यार्थ्याला झापतानाचा.

“मग मगदूम,” ते म्हणाले, “सात वर्षं मला फिका का पाजलास?”